रेडिओ बंद झाल्यावर

मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या नशिबी दोन वाद कायमचे लिहिलेले आहेत. मुलांना रविवारच्या मराठी शाळेत घालायचं का, हा पहिला. आणि अमेरिकन फुटबॉलमधला खेळाडू ब्रेडी मोठा की त्याचा कोच बेलिचिक, हा दुसरा. पहिला निदान मुलं मोठी झाली की मिटतो. दुसरा काही मिटत नाही. टॉम ब्रेडी संघ सोडून गेला, निवृत्त झाला. बिल बेलिचिक यांनाही न्यू इंग्लंड पेट्रियट्समधून जावं लागलं. वाद आहे तिथेच आहे. परवा सामना बघायला एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही दहा-बारा जण जमलो होतो. मिसळीचा रस्सा गरम होईपर्यंत नेहमीची फाळणी झालीसुद्धा. एक गट म्हणाला, "अरे, गुण अंगातच असावे लागतात, कोच काय करणार?" दुसरा म्हणाला, "बेलिचिकने निवडीच्या सहाव्या फेरीतलं पोरगं उचललं आणि त्याचा ब्रेडी केला." मग ज्याच्या हातात फोन होता तो आकडे वाचू लागला, आणि ज्याला ते आकडे सोयीचे नव्हते तो रस्सा वाढायला उठला.

मला दोन्ही गट पटत नाहीत, आणि "दोन्ही लागतं रे" म्हणून मध्यस्थी करणारा तिसरा गट तर मुळीच पटत नाही. दोन्ही लागतं हे नाकारतंय कोण? कुणाचं कुठे चालतं आणि कुठे चालत नाही, एवढंच ठरवायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. थोरपण खेळाडूचंच असतं, ते कुठलाही कोच बाहेरून आणून त्याच्यात घालू शकत नाही. पण ते थोरपण जगाला दिसणार की चार वर्षांत मातीला मिळणार, हे बहुतेक वेळा कोचच्या हातात असतं. म्हणजे कोचचं श्रेय आपण समजतो त्याहून कमी, आणि जबाबदारी आपण समजतो त्याच्या कितीतरी पट. आपण हिशोब बरोबर उलटा मांडतो. जिंकले तर कोचची 'सिस्टिम', हरले तर पोरात दम नव्हता.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांना एक गोष्ट जरा जवळून दाखवतो, कारण वादाची गाठ तिथेच आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन चालींच्या मधे ४० सेकंदांचं घड्याळ चालतं. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल चालवून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये एक छोटा स्पीकर असतो. एनएफएल या व्यावसायिक लीगने त्याला १९९४ पासून परवानगी दिली आहे. मैदानाच्या कडेने कोच त्यातून पुढची चाल सांगतो. ही चाल म्हणजे "डावीकडे टाक" असला मामला नसतो. कुणी कुठून कसं पळायचं याची सांकेतिक शब्दांची आगगाडी असते. क्वार्टरबॅक ती एकदा ऐकतो, घोळक्यातल्या दहा जणांना जशीच्या तशी सांगतो, सगळे आपापल्या जागी जातात. घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद. आता कोच कितीही हुशार असो, त्याने हाताची घडी घालून बघत राहायचं. समोरचे अकरा जण तेवढ्यात जागा बदलतात, हूल देतात, एखादा पुढे आल्यासारखं करून मागे सरकतो. क्वार्टरबॅक ते वाचतो, वाटलं तर ओरडून अख्खी चालच बदलतो. चेंडू हातात आल्यावर त्याला अडीच-तीन सेकंद मिळतात. सव्वाशे-सव्वाशे किलोचे गडी अंगावर येत असताना त्याने चेंडू फेकायचा, आणि तोही झेलणारा गडी, म्हणजे रिसीव्हर, आत्ता उभा आहे तिथे नव्हे, क्षणभराने पोचणार आहे तिथे. कोचवाले पहिल्या २५ सेकंदांवर बोलतात, गुणवाले शेवटच्या तीन सेकंदांवर. सामना दोघंही एकच बघत असतात.

कोचवाल्यांची बाजू लंगडी नाही, हे आधी कबूल करतो. त्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे बिल वॉल्श. १९६९ मध्ये ते सिनसिनाटी बेंगल्समध्ये साहाय्यक कोच होते आणि त्यांच्याकडे ग्रेग कुक नावाचा तोफेसारखा हात असलेला नवा क्वार्टरबॅक होता. पहिल्याच मोसमात कुकचा खांदा गेला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपल्यात जमा झाली. १९७० मध्ये त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर. डोकं तल्लख, पण हातात लांब फेकण्याची ताकद नाही. वॉल्श यांनी काय करावं? त्यांनी खेळच आडवा केला. लांब फेकायचंच नाही. छोटे, वेळेवर, मोजून मापून फेकलेले पास, आणि रिसीव्हरनी घड्याळाच्या काट्यासारखं पळायचं. १९७१ मध्ये हाच कार्टर अचूकतेत लीगमध्ये पहिला आला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत वॉल्श यांनी १९७९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या फेरीत ८२ वा म्हणून जो मोंटाना घेतला, आणि त्याने चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम लढती, जिंकल्या. स्टीव्ह यंग टॅम्पा बेमध्ये १९ सामन्यांत १६ हरला होता, गुण मिळवून देणारे पास, म्हणजे टचडाउन, ११ आणि प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले, म्हणजे इंटरसेप्शन, २१. वॉल्शकडे आला, चार वर्षं मोंटानामागे बाकावर बसला, आणि नंतर दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ही उदाहरणं हसून उडवून लावता येत नाहीत.

अलीकडची हवीत? जॅरेड गॉफ २०१६ चा पहिल्या क्रमांकाचा ड्राफ्ट. पहिल्या वर्षी सात सामने खेळला, सातही हरला, आणि त्याचा रॅम्स संघ गुण मिळवण्यात लीगमध्ये शेवटचा होता. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे आले, नेमणुकीच्या वेळी वय ३०. तोच गॉफ, आणि संघ गुणांत पहिला. शेवटचा ते पहिला, एका वर्षात! जॉश अ‍ॅलनची गोष्ट तर माझ्यासारख्याला जास्तच टोचते, कारण अचूकता शिकवून येत नाही असं मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आलो. अ‍ॅलनचे पहिल्या मोसमात ५२.८ टक्के पास बरोबर पडले. २०२० मध्ये ६९.२ टक्के. मधल्या काळात बफलोमध्ये त्याला ब्रायन डेबल यांचं मार्गदर्शन होतं. मला शब्द गिळावे लागले.

आता याच कोचमंडळींनी स्वतः काय केलं ते पाहा. मॅकव्हेंना गॉफ 'घडवता' आला असेल, पण २०२१ मध्ये त्यांच्याच संघाने गॉफ आणि त्याच्यासोबत पहिल्या फेरीचे दोन भावी ड्राफ्ट, म्हणजे निवडीचे हक्क, डेट्रॉइटला देऊन मॅथ्यू स्टॅफर्ड आणला, आणि पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. कोच जर माणूस घडवतो, तर घडवलेला माणूस वर दक्षिणा लावून दुसऱ्याला का देतो? वॉल्श यांच्याकडे जगातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक असताना त्यांनी १९८७ मध्ये यंगला का आणलं? मोंटानाची पाठ दुखावली होती, हे खरं. पण "माझी पद्धत आहे, कुणीही चालेल" असं वॉल्श म्हणाले नाहीत. नव्वदीत त्यांची पद्धत निम्म्या लीगने उचलली, त्यांचे शिष्य गावोगाव मुख्य कोच झाले. दुसरा मोंटाना किती ठिकाणी निघाला? पद्धतीची नक्कल होऊ शकते, त्या तीन सेकंदांची होत नाही. हे कोचना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, म्हणून ते जन्मभर शोधत फिरतात.

कोच काइल शॅनाहन यांचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीचे तीन ड्राफ्ट मोजून तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्स घेतला. पुढच्या वर्षी सगळ्यात शेवटी, २६२ पैकी २६२ वा, ब्रॉक पर्डी घेतला. शेवटच्या खेळाडूला अमेरिकेत 'मिस्टर इर्रेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे असला काय, नसला काय. तोच कोच, तीच पद्धत, तेच सहकारी. लान्सला २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका ड्राफ्टवर डॅलसला देऊन टाकलं, आणि त्याच मोसमात पर्डी संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. तुलना निखळ नाही, लान्सचा घोटा मोडला होता, त्याला खेळायलाच कमी मिळालं. पण शॅनाहनच माणसं घडवत असते, तर त्यांनी स्वतः एवढी किंमत देऊन घेतलेला आधी घडला नसता का?

ब्रेडी-बेलिचिकचे आकडे तर आमच्या बेसमेंटमध्ये शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. ब्रेडीच्या आधी बेलिचिक क्लीव्हलंडमध्ये ३६ जिंकले, ४४ हरले. न्यू इंग्लंडमधल्या पहिल्या वर्षी ५ जिंकले, ११ हरले. ब्रेडी गेल्यावर चार मोसमांत २९ आणि ३८. ब्रेडी मात्र २०२० मध्ये टॅम्पा बेला गेला, आदल्या वर्षी ७-९ असलेल्या संघात, आणि ४३ व्या वर्षी सुपर बोल घेऊन बसला. गुणवाले इथे पान मिटतात. पण २००८ चं काय? पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला आणि मॅट कॅसल नावाच्या राखीव खेळाडूने, जो कॉलेजातही बाकावरच असायचा, त्याच संघाला ११ सामने जिंकून दिले. चांगली व्यवस्था साधारण खेळाडूकडून ११ विजय काढते, हे मान्य करायलाच हवं. पण त्या वर्षी संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, गेला नाही. कोचची कमाल मर्यादा मला या दोन वाक्यांत दिसते.

गुणवाल्यांचा घोळ वेगळाच आहे. ते 'गुण' हा शब्द असा वापरतात की जणू तो रक्तगटासारखा तपासून कळतो. मग सांगा, २००० साली ब्रेडीचा गुण कुणाला दिसला? तो १९९ वा गेला. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. चाचणीत ४० यार्ड पळायला त्याला ५.२८ सेकंद लागले. त्या दिवसाचा उघड्या अंगाचा त्याचा फोटो पाहिलात तर हा मुलगा महिना अखेरीला हिशोब जुळवणारा असावा असं वाटेल. लीगने मोजलं ते पाय, दंड आणि उडी. रेडिओ बंद झाल्यावर डोकं किती गार राहतं हे मोजायची पट्टी त्यांच्याकडे नव्हती, आजही फारशी नाही. पेट्रियट्सकडून त्याला बघायला गेले होते क्वार्टरबॅकचे कोच डिक रेबाइन, आणि त्यांनी ब्रेडीचं नाव लावून धरलं. ऑगस्ट २००१ मध्ये हृदयविकाराने ते गेले. वय ४५. सात आठवड्यांनी जेट्सविरुद्ध संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याला, ज्याच्याशी त्याच वर्षी दहा वर्षांचा आणि १० कोटी ३० लाख डॉलरचा करार झाला होता, असा धक्का बसला की छातीत रक्तस्राव झाला, आणि ब्रेडी मैदानात उतरला. रेबाइनना ते बघायला मिळालं नाही. आमच्या वादात त्यांचं नाव कुणी घेत नाही. मला विचाराल तर त्या सगळ्या कहाणीत कोचचं सगळ्यात मोलाचं काम त्यांनीच केलं: दुसऱ्यांना जे दिसत नव्हतं ते बघितलं.

आणि जे दिसलं नाहीत त्यांचं काय? दोन्ही पक्ष जिंकलेल्यांचीच गणती करतात, ही या वादातली खरी खोट आहे. १९९१ चा ड्राफ्ट बघा. रेडर्स संघाने २४ वा घेतला क्वार्टरबॅक टॉड मारिनोविच. त्याचा बाप स्वतः शरीरकसरतीचा कोच. मुलगा पाळण्यात होता तेव्हापासून बापाने त्याचे स्नायू ताणायला सुरुवात केली. वाढदिवसाच्या पार्टीला पोरगं स्वतःचा साखरेविना खाऊ घेऊन जायचं. कोचिंगची याहून मोठी मात्रा कुणाला दिली गेली असेल? दोन मोसमांत जेमतेम आठ सामने खेळून, व्यसनांच्या विळख्यात सापडून तो लीगबाहेर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये ३३ वा होता दुसरा क्वार्टरबॅक, ब्रेट फार्व्ह. अटलांटाने त्याला घेतला, पण त्यांच्या कोचला तो नकोच होता. वर्षभरात चार पास फेकले, एकही सहकाऱ्याच्या हातात पडला नाही, दोन प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. पुढच्या वर्षी ग्रीन बेने त्याला उचललं, तिथे वॉल्शचेच शिष्य माइक होमग्रेन होते, आणि १९९५ पासून सलग तीन वर्षं तो सर्वोत्तम खेळाडू. समजा, ग्रीन बेने फोनच केला नसता. आज आपण काय म्हणालो असतो? म्हणालो असतो, "पोरात दमच नव्हता."

असे किती गेले असतील? अ‍ॅलेक्स स्मिथ २००५ चा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. पहिल्या काही वर्षांत त्याच्या संघाने चालींचा कोच जवळजवळ दरवर्षी बदलला. दरवर्षी नवी परिभाषा, नवे संकेत; आदल्या वर्षीचं पाठांतर विसरायचं आणि नवं घोकायचं. चाळीस सेकंदांतले पहिले वीस भाषांतरातच जाणार असतील तर शेवटच्या तीनमध्ये डोळा लागेल कसा? सगळ्यांनी त्याला फुकट गेलेला ठरवलं. २०११ मध्ये जिम हार्बॉ आले, स्वतः क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले, आणि त्याच स्मिथबरोबर संघ १३-३. सॅम डार्नल्डला न्यूयॉर्कच्या जेट्सनी २०१८ मध्ये तिसरा घेतला आणि पार खचवून सोडला. मैदानावर आपल्याला भुतं दिसताहेत, असं तो एका सामन्यात म्हणाल्याचं टीव्हीवर अख्ख्या देशाने ऐकलं आणि तो विनोदाचा विषय झाला. २०२४ मध्ये मिनेसोटात केव्हिन ओकॉनेल यांच्याकडे त्याने १४ सामने जिंकले. हे दोघं निदान वाचले. गुण एवढाच पक्का असता तर तो असा बुजला का? आणि कोच गुण निर्माण करत असते तर ओकॉनेल यांना बाकीच्या ३१ संघांनी नाकारलेल्या कुणाही पोरावर हे करून दाखवता आलं असतं.

'उपजत गुण' या शब्दाचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो आमच्या बेसमेंटमध्ये कधीच निघत नाही. कित्येक दशकं या लीगमध्ये काळ्या क्वार्टरबॅकबद्दल हेच शब्द प्रशंसा म्हणून वापरले जात: काय पाय आहेत, काय उपजत चपळाई! आणि प्रशंसा करून झाल्यावर त्यांना दुसऱ्या जागी हलवलं जाई, कारण क्वार्टरबॅकला म्हणे 'डोकं' लागतं. वॉरन मून १९७८ च्या 'रोज बोल' या कॉलेजच्या मोठ्या सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून सलग पाच वेळा तिथलं विजेतेपद घेतलं, मग कुठे १९८४ मध्ये ह्यूस्टनने त्याला बोलावलं. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. १९८८ च्या जानेवारीत डग विल्यम्सने सुपर बोलच्या एका सत्रात चार टचडाउन पास फेकले, तरी शंका गेली नाही. २०१८ मध्येसुद्धा लमार जॅक्सनला, कॉलेजातला सर्वोच्च सन्मान मिळवलेल्या मुलाला, रिसीव्हर हो असं जाणती माणसं सुचवत होती. तो ३२ वा गेला आणि पुढच्याच वर्षी एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. 'रक्तातच असतं' आणि 'त्यांच्यात ते नसतंच' ही वाक्यं कुणाच्या तोंडी आणि कशासाठी येतात, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. कुणात गुण आहे हे निसर्ग ठरवत असेलही. कुणाला गुणी म्हणायचं हे मात्र मैदानाच्या कडेला उभा असलेला माणूस ठरवतो.

इथपर्यंत आलं की कुणीतरी रमाकांत आचरेकर सरांचं नाव काढतंच, आणि स्टंपवर ठेवलेलं ते एक रुपयाचं नाणं. शिवाजी पार्कात सरांच्या हाताखालून किती मुलं गेली! नाणं सगळ्यांसाठी तेच होतं, सचिन एकच निघाला. पण सरांनी त्या मुलाला स्कूटरवर मागे बसवून या मैदानावरून त्या मैदानावर नेलं, एका सामन्यात बाद झाला तर दुसऱ्या सामन्यात बॅट हातात मिळेल याची सोय केली. कव्हर ड्राइव्ह कुणी घातला हा वाद घालत बसा; स्कूटर सरांचीच होती.

त्याच मित्राचा अकरा वर्षांचा मुलगा आमच्या गावच्या फ्लॅग फुटबॉलमध्ये खेळतो. धडका नसतात, कमरेची पट्टी ओढली की गडी बाद. त्याला खासगी क्वार्टरबॅक कोच लावावा का, तासाला अमुक डॉलर घेतो, असं मित्राने मला विचारलं म्हणून गेल्या महिन्यात एका शनिवारी मी बघायला गेलो. कोच म्हणजे कुणाचे तरी बाबा, हौसेने आलेले, गळ्यात शिट्टी. एका चालीत ते उजवीकडे हात करून "तिकडे, तिकडे!" ओरडत होते आणि तिकडे खरंच एक मुलगा मोकळा होता. आमच्या पठ्ठ्याने चेंडू डावीकडे फेकला, जिथे चिटपाखरू नव्हतं. मी कपाळाला हात लावला. एवढ्यात दोघा मुलांच्या मधून एक लाल टी-शर्ट निसटला आणि चेंडू थेट त्याच्या पोटात बसला. मध्यंतरात मी पोराला विचारलं, "तुला कसं कळलं रे?" संत्र्याची फोड चोखत तो म्हणाला, "काका, तो तिथेच येणार होता ना."

पुढच्या शनिवारी तो रिसीव्हरच्या जागी उभा होता. मित्राने कोचना कारण विचारलं तर ते कौतुकानेच म्हणाले, तुमचा मुलगा पळतो फार छान.